मालगुडीत आपली वस्ती कुठं आहे?

मी खरी इंग्रजी शिकलो ती पेट्यांवर. ‘धिस साइड अप’. ‘कीप ड्राय’. ‘यूज नो हुक्स’. शाळेतली इंग्रजी मॅट्रिक होण्यापुरती होती, तिचा अर्थ लागला तो गोदीत, खांद्यावर माल असताना. अगदी साधी इंग्रजी. दोन-तीन शब्दांची. आणि प्रत्येक वाक्य म्हणजे हुकूम. माल कसा सांभाळायचा ते पेटीवर लिहिलेलं असतं. उचलणाऱ्याला कसं सांभाळायचं ते कुठल्याच पेटीवर नसतं.

अशात फाउंटनच्या फुटपाथवर आर. के. नारायणचं ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ हाताला लागलं. पातळ दिसलं म्हणून घेतलं. वाटलं, दोन पानांत दम निघेल. पण डिक्शनरी न उघडता वीस पानं गेली. हुकूम न सोडणारी इंग्रजी मी पहिल्यांदाच वाचत होतो.

मित्रहो, हे आधीच कबूल करतो. कारण आपल्यात काहीजण पुस्तक न उघडताच लेखक निकालात काढतात. ‘बामण आहे, सोड त्याला.’ बामण आहेच. १९०६ साली मद्रासेत जन्मला, म्हैसुरात राहिला, २००१ साली वारला. पण ज्याला शिव्या घालायच्या त्याला निदान वाचून घाला. मी वाचला. पुन्हा पुन्हा वाचला. म्हणून बोलायचा हक्क मागतो.

नारायणनं मालगुडी नावाचं एक गाव कल्पनेनं वसवलं. सरयू नदी, रेल्वे स्टेशन, अल्बर्ट मिशन शाळा. तिथं राजे-महाराजे नाहीत. मिठाईवाला आहे, पाट्या रंगवणारा आहे, छापखानेवाला आहे. ‘फायनान्शियल एक्स्पर्ट’मधला मार्गय्या बँकेसमोर वडाखाली पत्र्याची पेटी घेऊन बसतो आणि खेडुतांना कर्जाचे फॉर्म भरून देतो. असली माणसं आपणही बघतो. ती चुकतात, खोटं बोलतात, बायकोला घाबरतात, पोरापुढं हरतात. लेखक त्यांना फोडून काढत नाही, डोक्यावरही घेत नाही.

आता भाषेचं सांगतो. शाळेत मी ‘पानी’ म्हणालो की वर्ग हसायचा. मास्तर ‘ण’ घोटून घ्यायचे. एका अक्षरात माझी आई, माझी वस्ती, माझी जात सगळी फळ्यावर यायची. मराठीत तोंड उघडलं की जात कळते. तामिळमध्येही बामणाची बोली वेगळी कळतेच. नारायणच्या इंग्रजीत मात्र सगळे एकाच धुतलेल्या भाषेत बोलतात. सावकार, कुळ, शाळकरी पोरगं, सगळे. तिथं ‘न’ आणि ‘ण’ची भानगडच नाही. पहिल्यांदा मला ह्याचा आनंद झाला. च्यायला, असं एक गाव आहे जिथं मला कुणी हसणार नाही!

मग शंका आली. जिभेवरची जात पुसली, म्हणून गल्लीतली पुसली का?

‘व्हेंडर ऑफ स्वीट्स’ १९६७ साली आलं. त्यातला जगन गांधीवादी. सूत कातणारा, आणि संध्याकाळनंतरचा गल्ला हिशेबात न दाखवणारा. नारायण त्याची छान फिरकी घेतो. ह्या जगनला पायातल्या चामड्यासाठी जनावर मारलेलं चालत नाही. म्हणून म्हातारपणानं मेलेल्या गाईचं कातडं शोधत तो लांबच्या खेड्यापाड्यांत जातो. कातडं मिळालं की झाडाखाली बसणाऱ्या एका म्हाताऱ्या चांभाराला देतो. तो वहाणा करून देतो. चांभाराला नाव नाही. त्याचं बिऱ्हाड कुठं, त्याला पोरंबाळं किती, काही नाही. त्याच्या हातून वहाण येते आणि कथा जगनबरोबर पुढं जाते.

जेवणाच्या सुट्टीत हा भाग मी आमच्या टोळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या गड्याला मराठीत सांगितला. तो पोट धरून हसला. मग म्हणाला, “आरं पोरा, मेलेलं ढोर हुडकत हिंडायचा? आमाला कधी हुडकावं लागलं नाय. ढोर मेलं की गावच आमाला हुडकत यायचा.” त्याच्या आज्यानं ५६ सालानंतर ढोरं ओढणं सोडलं. गावानं दळण बंद केलं, पाणी बंद केलं. जे जगनच्या घरी अहिंसेचं खूळ आहे, ते ह्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांचं बलुतं होतं. आणि ते सोडायला धाडस लागलं. एकाच मेल्या गाईच्या दोन बाजू. पुस्तकात एकच आली.

नारायणला जात दिसत नव्हती, असं मी म्हणणार नाही. दिसत होती. मार्गय्याच्या खानदानाचं एक गुपित आहे. त्याचे वाडवडील प्रेतं वाहायचे. तो डाग पुसायला दोन-तीन पिढ्या गेल्या. वाचलं आणि मी थांबलो. बाबुराव बागुलांनी १९६३ साली ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ह्या नावानं आख्खा कथासंग्रह दिला. तोच विस्तव १९५२ साली नारायणच्या हातात होता. त्यानं तो जरा हलवला, हसला आणि पुढं गेला. माणूस दुष्ट नव्हता. त्याला त्याचा चटका बसत नव्हता, एवढंच.

चटका कुणाला बसतो त्याचाही हिशेब आहे. नारायण विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत नापास झाला. वडील हेडमास्तर. वर्षभर घरी बसून वाचत राहिला, लेखक झाला. आपल्यातला पोरगा नापास झाला की दुसऱ्या दिवशी पाळीवर. पास झाला तरी पाळीवरच. मी पास झालो होतो.

आता १९३५ साल बघा. ग्रॅहॅम ग्रीनच्या खटपटीनं ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ लंडनला छापलं गेलं ते त्या साली. मुल्कराज आनंदचं ‘अनटचेबल’ आलं ते त्याच साली. आणि त्याच सालच्या १३ ऑक्टोबरला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. स्वामीला क्रिकेटचं वेड. आनंदचा बाखा संडास साफ करतो, त्यालाही हॉकीचं वेड. त्या एका दिवसात त्याला हॉकी स्टिक मिळतेसुद्धा. पण विचारा कुणालाही, बाखा आठवतो तो थोबाडीत खाल्लेला. हॉकीवाला बाखा कुणाला आठवत नाही.

माझं म्हणणं इथंच आहे. साधं जगणं त्यांच्या वाट्याला, आणि आपल्या वाट्याला फक्त थोबाडीत. नारायणच्या गावात साधेपणा आहे, आपण नाही. दुसरीकडं आपण आहोत, पण साधेपणा नाही. एक तर रडणारे, नाहीतर पेटलेले. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं, तेव्हापासून आपण आपलं दुःख आपल्या तोंडानं सांगतोय. ते सांगायलाच पाहिजे. पण आपण हसतो, विसरतो, उधारी बुडवतो, प्रेमात माती खातो, हे कोण सांगणार?

आमच्या टोळीतला एक पोरगा सोयरिकीला मित्राचे बूट घालून गेला. बूट इतके चावले की परतताना ते हातात धरून अनवाणी आला. टोळी आठवडाभर हसत होती, तोही हसत होता. त्याच्यावर मी कविता लिहिली. आपल्याच एका बैठकीत वाचली तर एक मित्र म्हणाला, “ह्यात विद्रोह कुठंय?” तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता सांगतो. त्या कवितेत त्याला नाव आहे. झाडाखाली बसणाऱ्या त्या म्हाताऱ्याला जे मिळालं नाही ते नाव. आपल्या माणसाला चुकायचा, हसं करून घ्यायचा आणि तरी माणूस राहायचा हक्क आहे, असं लिहिणं मला कुठल्याही घोषणेइतकंच धारदार वाटतं.

नारायणकडून मी एवढंच घेतो. छोटं वाक्य, छोटा माणूस. त्याची गल्ली त्यालाच राहू दे. आपली गल्ली, आपल्या ‘पानी’सकट, आपणच लिहायची आहे.

ती कविता ह्या मासिकाला पाठवतो आहे. पटली तर छापा, नाहीतर भांडायला या. संध्याकाळच्या पाळीनंतर मी गेटावर असतो.

जय भीम.