मुहूर्त, कर आणि कापूस

पाथरीच्या आमच्या मेहुण्यांनी २०२५ च्या श्रावणात पिकअप गाडी घेण्याचे मनावर घेतले. कापूस मानवतला, भाजी परभणीला. भाड्याच्या गाडीत निम्मा नफा जातो, हा त्यांचा हिशेब. मला विचारले, "दाजी, कधी घेऊ?"

१५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून कर घटण्याचे सूतोवाच झाले होते. मी म्हटले, "थांबा." विक्रेता रोज फोन करी, थांबलेले गिऱ्हाईक कोणाला आवडते? ३ सप्टेंबरला निर्णय झाला: मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८. करापूर्वीची किंमत ८ लाख धरली, तर सरळ ८० हजार वाचले! अंमल २२ सप्टेंबरपासून, म्हणजे सर्वपित्री उलटून नेमका घटस्थापनेला. पितृपक्षात गाडी नको म्हणून अडून बसलेल्या वहिनी एकदम अर्थशास्त्रज्ञ ठरल्या.

पण महिनाअखेर पावसाने मराठवाडा झोडपला. सोयाबीन गेले, कापूस पाण्यात उभा. आता गाडीत भरायचे काय?

दसऱ्याला पाथरीस गेलो, तेव्हा मी शहाणपणाने सांगितले, "डिसेंबरात विक्रेते शिल्लक गाड्या सवलतीत काढतात. जानेवारीत ती कागदोपत्री वर्षाची जुनी होते खरी. पण दहा वर्षे वापरणाऱ्याला त्याचे काय?"

"सवलत मिळेल हो, दाजी," मेहुणे म्हणाले, "पण हप्ता काही सवलतीत थांबत नाही. पहिली वेचणी किती निघते ते बघू द्या."

वहिनी चहा घेऊन आल्या. पहिल्या भरण्यासाठी काढून ठेवलेल्या पाटल्या पुन्हा त्यांच्या हातात होत्या.