पाटी आली, टाळी गेली

२०२४ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या शिकागो अधिवेशनात कमला हॅरिस काय म्हणाल्या, ओबामा पती-पत्नींनी ट्रम्प यांना किती चिमटे काढले, हे चघळून आता चोथा झाला आहे. आमची नजर मात्र डेमोक्रॅटिक प्रतिनिधींच्या हातांवरून हलेना. उपाध्यक्षपदाचे उमेदवार टिम वॉल्झ यांचे भाषण म्हटले की सभागृहभर 'कोच वॉल्झ'च्या पाट्या. वक्ता बदलला की पाटी बदलली. वक्ता यायच्या आधी कार्यकर्ते रांगांमधून गठ्ठे वाटत जातात. म्हणजे हर्ष अनावर कधी व्हायचा, हे छापखान्याला आधीच कळवलेले असते. आता दोन्ही हातांत पाटी धरल्यावर टाळी वाजवायची कशाने?

मिलवॉकीत महिनाभर आधी रिपब्लिकनांनीही हेच केले. तिथल्या पाट्यांवर 'मास डिपोर्टेशन नाऊ'! लोकांना घाऊक देशाबाहेर घालवण्याची मागणी, आणि ती नाचवणारे चेहरे लग्नाच्या वरातीतले.

एके काळी या अधिवेशनांना काम असे. १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये डेमोक्रॅट्सना उमेदवार म्हणून जॉन डेव्हिस यांचे नाव ठरवायला मतदानाच्या १०३ फेऱ्या लागल्या. २०२४ साली हॅरिस यांची उमेदवारी ऑगस्टच्या सुरुवातीलाच ऑनलाइन मतदानाने पक्की झाली होती. तरी शिकागोत राज्याराज्यांची हजेरी घेतली गेली, तीही डीजे लावून. जॉर्जियाच्या वेळी तर रॅपर लिल जॉन साक्षात अवतरले.

ठरवायचे काही उरले नाही, तरी झाकायचे उरतेच. पहिल्या रात्री तेव्हाचे अध्यक्ष जो बायडेन बोलत असताना काही प्रतिनिधींनी लपवून आणलेले कापड उलगडले: इस्रायलला शस्त्रे देणे थांबवा. आजूबाजूच्या पक्षबंधूंनी तत्परतेने 'वुई लव्ह जो'च्या पाट्या आडव्या धरल्या. त्यातले 'लव्ह' अक्षरांत नव्हते, बदामाच्या चित्रात होते. बदामाआड युद्ध झाकता येते, हा शोध या अधिवेशनाच्या नावे जमा करायला हवा. एखाद्या पॅलेस्टिनी-अमेरिकन वक्त्याला मंचावर काही मिनिटे द्या, ही मागणीही पक्षाने मानली नाही. वेळ नसेल बिचाऱ्यांना. लिल जॉन होते ना!

वेळेचा विषय निघालाच आहे, तर आमचे जुने तुणतुणे वाजवून घेतो. पुढाऱ्यांच्या भाषणाला शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखी घंटा हवी: पहिली इशाऱ्याची, दुसरी खाली बसण्याची. ट्रम्प मिलवॉकीत दीड तासाहून अधिक बोलले. दुसरी घंटा असती तर भाषणाचा तो विक्रम झाला नसता. १९८८ साली अटलांटात बिल क्लिंटन उमेदवारीसाठी डुकाकिस यांचे नाव मांडायला उभे राहिले, ते अर्धा तास उलटला तरी बसेनात. अखेर 'आता शेवटी' असे काहीसे त्यांच्या तोंडून निघाले आणि सभागृहाने जल्लोष केला. अधिवेशनांच्या इतिहासातली तेवढीच एक अस्सल टाळी असावी, कारण तिची पाटी कोणी छापून आणली नव्हती.

तेव्हा २०२८ साली दोन्ही पक्षांनी कागद वाचवावा आणि प्रत्येक प्रतिनिधीच्या हाती एकेक घंटा द्यावी. ती कधी वाजवायची, हे मात्र पक्ष कार्यालयाने कळवू नये.