दहाच गाड्या, पण ट्रॅकवर दिसायला हव्यात

न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये जॉन ब्रिटन यांनी मूठभर सहकाऱ्यांना हाताशी धरून रेसची सुपरबाइक उभी केली, तीही इंजिनापासून स्वतः घडवून. ब्रिटन व्ही १००० चं वजन जेमतेम १३८ किलो, ताकद १६० अश्वशक्तीच्या पुढे. नेहमीची चासी नाहीच. इंजिन हाच गाडीचा कणा. रेडिएटर सीटखाली, चाकं कार्बन फायबरची. बॉडीचा आकार तर त्यांनी तारा वाकवून, गरम गोंदाने चिकटवत, हातानेच ठरवला.

१९९२ साली अमेरिकेतल्या डेटोना ट्रॅकवर ही गाडी डुकाटीच्या बाइकला भारी पडत होती. ऐन शर्यतीत विजेच्या यंत्रणेने दगा दिला.

अशा दहाच गाड्या बनल्या. १९९५ मध्ये, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ब्रिटन कर्करोगाने गेले. एक गाडी वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात आहे, ते योग्यच. पण जी गाडी खासगी मालकाकडे जाते, तिने दिवाणखान्यात धूळ का खावी? रेससाठी घडवलेलं यंत्र विकताना ते अधूनमधून ट्रॅकवर उतरवण्याची अट करारातच असावी. शिवाय सुटे भाग, ड्रॉइंग आणि ट्यूनिंगच्या नोंदीही गाडीबरोबरच नव्या मालकाच्या हवाली व्हायला हव्यात.