मोकळी जमीन म्हणजे कोणती?

सार्वजनिक जमीन विकली की किंमत किती आली, एवढाच प्रश्न विचारला जातो. समाजाच्या हाती काय उरले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मुंबईच्या गिरणगावाचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला व उरलेला मालकाला, असे सूत्र १९९१ च्या नियमावलीत होते. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीपुरतीच उरली. इमारतींखालची जमीन हिशेबातून गळाली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरविली. दरम्यान २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे जनतेच्याच मालकीच्या, पाच गिरण्या विकल्या गेल्या. त्यांपैकी कोहिनूर क्रमांक तीनच्या जागी दादरला आज निवास, दुकाने व कार्यालये यांचे मनोरे उभे आहेत.

महामंडळाला पैशांची निकड होती, कामगारांची देणी थकली होती, हे मान्य. परंतु विक्रीचा पैसा एकदाच येतो. मैदानाची, परवडणाऱ्या घरांची गरज पिढ्यान्‌पिढ्या राहते. शेत विकून सण साजरा करणाऱ्यास आपण शहाणा म्हणत नाही. मग शहराला वेगळा न्याय का?

यापुढे सार्वजनिक जमीन द्यावयाचीच, तर मालकी राखून मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावी, आणि जनतेचा वाटा एकूण क्षेत्रफळावर, तोही निविदा निघण्यापूर्वी, ठरवावा. अन्यथा नियमातला एखादा शब्द बदलेल आणि मैदान नकाशावरच राहील.