‘उसनी’ पात्रे

आमच्या धर्मग्रामात दरवर्षी कथास्पर्धा होते. तिच्या नियमपत्रकात शब्दमर्यादा असते, कागदाच्या एकाच बाजूस लिहावे अशी सूचना असते, परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील अशी ताकीद असते. आणि चौथ्या क्रमांकावर असा एक नियम असतो की, कथेतील पात्रे सर्वस्वी स्वतंत्र असावीत, चित्रपट, मालिका, नाटक वा चित्र यांवरून घेतलेली नसावीत. हा चौथा नियम काही वर्षांपूर्वी आम्हीच घातला. मुलामुलींनी पडद्यावरील नायक-नायिकांची नक्कल सोडून आपल्या अवतीभवतीची माणसे पाहावीत, असा त्यामागचा हेतू होता. हेतू चांगला होता, यापलीकडे त्या नियमाच्या बाजूने आज आमच्यापाशी बोलण्यासारखे काही उरलेले नाही.

गेल्या वर्षी महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीची कथा आली. रात्रपाळी करून पहाटे घरी परतणारी परिचारिका, घरी अंथरुणाला खिळलेला सासरा, आणि त्या दोघांमधले कधीही न बोलले गेलेले वैर. कथा कच्ची होती, शेवट घाईने उरकलेला होता; परंतु ती परिचारिका जिवंत होती. कथेच्या अखेरीस मुलीने प्रांजळपणे लिहिले होते की, ही स्त्री तिला एका चित्रपटातील स्त्रीवरून सुचली. एवढ्यावरून परीक्षकांनी ती कथा बाद केली. पहिले पारितोषिक ज्या कथेस मिळाले तिचा नायक म्हणजे मालिकांतून आपण शंभर वेळा पाहिलेला त्यागी थोरला भाऊ होता. मात्र त्या लेखकाने अखेरीस काहीच लिहिले नव्हते. निकालपत्रकावर आमची सही आहे.

या नियमाचा कैवार घेणारी मंडळी आमच्या परिचयाची आहेत. त्यांतील काही निवृत्त शिक्षक आहेत, आणि त्यांच्या कळकळीविषयी आम्हांला शंका नाही. त्यांचे म्हणणे असे की, प्रतिभा ही परमेश्वराची देणगी आहे आणि ज्याला ती लाभली त्याला दुसऱ्याच्या दारी जावे लागत नाही. ऐकावयास हे गोड आहे. परंतु शून्यातून निर्मिती करणारा एकटा परमेश्वर, हे आम्ही प्रथम ख्रिस्तशरीर घेणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलांना शिकवितो. आणि मग एकोणीस वर्षांच्या मुलीने शून्यातून परिचारिका निर्माण करावी अशी अपेक्षा धरतो! मनुष्याची निर्मिती ही मिळालेल्या मातीचीच असते. प्रश्न माती कोठून आणली हा नाही.

वाचकांनी आमच्याबरोबर थोडे दूर यावे. १८६७ च्या ऑगस्ट महिन्यात फ्योदोर दोस्तोयेव्हस्की हे रशियन कादंबरीकार पत्नी आन्ना हिच्यासह बाडेन-बाडेनहून जिनीव्हास निघाले होते. धनकोंच्या तगाद्यामुळे देश सोडलेला, जुगारापायी पत्नीचे दागिने व कपडेसुद्धा गहाण पडलेले, आणि पत्नी गरोदर. वाटेत बाझेल येथे थांबून ते संग्रहालय पाहावयास गेले. तेथे हान्स होल्बाइन याने १५२१-२२ च्या सुमारास रंगविलेले थडग्यातील मृत ख्रिस्ताचे चित्र आहे. लांबी दोन मीटर, उंची जेमतेम एक फूट. शवपेटीची एक बाजू काढून आत डोकवावे तसे. डोळे व तोंड उघडे राहिलेले, हातापायांवर हिरवट काळिमा. तेजोवलय नाही, देवदूत नाहीत, शोक करणारी माता नाही. ऱ्हाइन नदीतून काढलेले प्रेत समोर ठेवून चित्रकाराने हे रंगविले, अशी दंतकथा आहे. आन्नाला ते पाहवेना, म्हणून ती दुसऱ्या दालनांत गेली. पंधरा-वीस मिनिटांनी परत येऊन पाहते तो पती तेथेच खिळून उभे, आणि अपस्माराचा झटका येण्यापूर्वी त्यांच्या मुद्रेवर जी भीती दिसे तीच तेथे उमटलेली. तिने हात धरून त्यांना दुसरीकडे नेले, बाकावर बसविले. तरीही निघण्यापूर्वी ते चित्र पुन्हा एकदा पाहिल्याविना त्यांना राहवले नाही. ही हकीकत आन्नाने आपल्या आठवणींत लिहून ठेविली आहे.

त्याच शरद ऋतूत ‘इडियट’ या कादंबरीचे टिपण सुरू झाले, आणि १८६८ च्या जानेवारीपासून ती मासिकातून क्रमशः येऊ लागली. तीत होल्बाइनचे हे चित्र आहे. पण ते भाविकाच्या देव्हाऱ्यावर लावलेले नाही. पुढे हातून खून घडणार असलेल्या रोगोझिनच्या अंधाऱ्या घरात, दरवाजावर, त्याची नक्कल टांगलेली आहे. रोगोझिनला त्याकडे पाहत राहणे आवडते. निष्कपट राजपुत्र मिश्किन ते पाहून दचकतो. अशा चित्राने एखाद्याची श्रद्धाही जाईल, असे त्याच्या तोंडून निघून जाते. आणि क्षयाने मरणास टेकलेला इप्पोलित हा तरुण त्यात सर्वांत उत्तम जीवाला चिरडून टाकणारी आंधळी निसर्गशक्ती पाहतो. चित्र एकच, त्याच्यासमोर उभे राहणारे तिघे, आणि तिघांचीही त्याने झडती घेतलेली. गुड फ्रायडेची दुपार आणि रविवारची पहाट यांच्यामधल्या त्या काळोख्या शनिवारी श्रद्धावंताचे काय होते, हे आम्ही गुरुविद्यालयात ग्रंथांतून शिकलो. ते अंगावर काटा येऊन कळले ते या कादंबरीच्या पानांत.

आणि उसनवारी एवढ्यावरच थांबत नाही. परदेशात बसून दोस्तोयेव्हस्की रशियन वृत्तपत्रे अधाशासारखी वाचीत. आईबापांच्या छळाला कंटाळून घराला आग लावणाऱ्या ओल्गा उमेत्स्काया या पंधरा वर्षांच्या मुलीचा खटला त्या वर्षी गाजत होता. कादंबरीच्या पहिल्या टिपणांत ती नावानिशी आहे, आणि मानखंडनेने जळत राहणारी नस्तास्या फिलिपोव्हना ज्या मातीतून घडली तिच्यात या मुलीचाही अंश आहे. माझुरिन नावाच्या व्यापाऱ्याने एका जवाहिऱ्याचा खून करून प्रेत मेणकापडाखाली झाकून ठेविले होते. कादंबरीच्या अखेरीस रोगोझिन तेच करतो. खुद्द मिश्किनविषयी लेखकाने आपल्या भाचीला १८६८ च्या जानेवारीत पत्र लिहिले. सर्वथा सुंदर असा मनुष्य रंगविणे हे सर्वांत कठीण काम. तसा एकच होऊन गेला, तो म्हणजे ख्रिस्त. आणि वाङ्मयात त्याच्या जवळपास जाणारे कोण, तर डॉन किहोटे, मिस्टर पिकविक व जाँ व्हालजाँ, असा त्या पत्राचा आशय आहे. आपली माती कोठली, हे लेखकाने लपविले नाही.

आता लावा आमचा चौथा नियम. चित्र संग्रहालयातले, खून वर्तमानपत्रातला, नायकाचे पूर्वज तीन परक्या ग्रंथांतले. आमच्या परीक्षकांनी ‘इडियट’ पहिल्याच फेरीत बाद केली असती.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. याच कादंबरीत मिश्किन आपल्या कॅथलिक पंथाविषयी असे काही बोलतो की, प्रथम वाचताना आमचे रक्त तापले होते. पुस्तक आम्ही आठवडाभर मिटून ठेविले होते. पुन्हा उघडले ते त्या चित्रासाठी.

मग या पात्रांत लेखकाचे स्वतःचे काय? मिश्किनचा अपस्मार लेखकाच्या देहातला आहे. वधस्तंभाकडे नेलेल्या मनुष्याच्या अखेरच्या मिनिटांविषयी मिश्किन बोलतो, तेव्हा ज्याला १८४९ च्या डिसेंबरात स्वतः गोळी घालण्यासाठी उभे करून ऐन वेळी शिक्षा फिरविली गेली, तो मनुष्य बोलत असतो. आणि ही कादंबरी हप्त्याहप्त्याने लिहीत असताना, १८६८ च्या मे महिन्यात, जिनीव्हा येथे त्यांनी आपली तीन महिन्यांची पहिली मुलगी सोन्या पुरली. होल्बाइनच्या चित्राने विचारलेल्या प्रश्नाला हे सारे आयुष्य उत्तर देत होते. चित्र दुसऱ्याचे होते, उत्तर दुसऱ्या कोणी दिले नसते.

त्या पत्रातील पिकविकचीही कुळकथा ऐकण्यासारखी आहे. १८३६ मध्ये रॉबर्ट सेमूर या व्यंगचित्रकाराला शिकारी क्लबातील फजितींची चित्रे काढावयाची होती, आणि त्या चित्रांखाली मजकूर पुरविण्यासाठी प्रकाशकांनी चोवीस वर्षांच्या एका वार्ताहराला बोलाविले. तो वार्ताहर चार्ल्स डिकन्स. पिकविकची गोल देहयष्टी सेमूरच्या पेन्सिलीतून उतरली. दुसरा अंक निघण्यापूर्वीच सेमूरने आत्महत्या केली. पुढे त्याच्या विधवेने, पिकविक माझ्या पतीचा, असा दावा केला, आणि डिकन्सने तो फेटाळला. दोघांचेही खरे होते, असे आम्हांला वाटते. पोट व चष्मा सेमूरचा. परंतु अन्यायाचा दंड भरणार नाही म्हणून कर्जदारांच्या तुरुंगात जाणारा, आणि तेथे आपल्याला फसविणारा जिंगल भुकेकंगाल स्थितीत दिसताच डोळ्यांत पाणी आणून त्याला मदत करणारा पिकविक कोणाचा? ज्याचा बाप १८२४ मध्ये कर्जापायी तुरुंगात पडला होता, त्या मुलाचा.

घराजवळ येऊ. ‘नटसम्राट’मधील गणपतराव बेलवलकरांच्या मागे शेक्सपिअरचा राजा लिअर उभा आहे, हे सर्व जाणतात, म्हणून १९७० पासून आजपर्यंत त्यांना कोणी उसना म्हातारा म्हटले नाही. आणि आपल्या कॅथलिक समाजाने याबाबतीत दुसऱ्याला शिकवावे, हे तर विशेषच! गोव्यात जन्मलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) शांतिनिकेतनात शिकले, पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले, आणि त्यांनी साडी नेसलेली पवित्र मरिया रंगविली. आपल्याच लोकांतील अनेकांना ती परकी वाटली. युरोपातून जहाजाने आलेली, निळ्या झग्यातली, सोनेरी केसांची मरिया मात्र कोणाला उसनी वाटली नव्हती. सुमारे इ. स. ६०० मध्ये मार्सेयचे बिशप सेरेनुस यांनी चर्चमधील चित्रे फोडली, तेव्हा पोप थोर ग्रेगरी यांनी त्यांची कानउघाडणी केली. ज्यांना वाचता येत नाही ते चित्रांवरून वाचतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. चित्रावरून वाचणे ख्रिस्तसभेने शिकविले आणि चित्रावरून लिहिणे मात्र आमच्या नियमपत्रकाने वर्ज्य केले.

आमच्या विरोधकांचा एक मुद्दा मात्र आम्ही मान्य करतो. नक्कल ही गोष्ट आहे, आणि ती वाढते आहे. हातातल्या मोबाइलवर रात्रंदिवस मालिका वाहत असताना मुलांच्या कथांतून तीच सासू, तोच गुंड, तोच इन्स्पेक्टर येतो, हे परीक्षक म्हणून आम्हीही भोगले आहे. पण नक्कल ओळखावयाची ती मुळाचा पत्ता शोधून नव्हे. हे पात्र जेथून आले तेथे जे कधीच करणार नाही, असे या कथेत काही करते काय, हे पाहावे. त्या मुलीची परिचारिका कथेच्या मध्यावर, पहाटे साडेपाचला, सासऱ्याची नखे कापावयास बसते. तो हात मागे ओढतो. ती पुन्हा धरते. पुढे आम्ही मुद्दाम तो चित्रपट मिळवून पाहिला. त्यात सासरा नाही, नखे नाहीत. पारितोषिकप्राप्त थोरला भाऊ मात्र जसा पडद्यावरून आला तसाच इस्त्री न मोडता परत गेला.

चौथ्या नियमाने नक्कल थांबली नाही. उलट, जे प्रामाणिकपणे ऋण सांगतील त्यांना शिक्षा आणि जे लपवितील त्यांना पारितोषिक, अशी शिकवण आम्ही मुलांना दिली, आणि ती पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूच्या सहीनिशी.

यंदाच्या पत्रकातून तो नियम काढला आहे. पात्र कोठून सुचले हे कथेखाली लिहिल्यास गुण कापले जाणार नाहीत, एवढेच त्या जागी छापले आहे. यावरून एका ज्येष्ठ परीक्षकांनी आपले नाव काढून घेतले. त्यांच्या अनुभवाची उणीव भासेल. मुलीची वही आमच्या कपाटातच राहिली होती. ती परत द्यावी म्हणून मागील महिन्यात आम्ही तिच्या घरी गेलो. ती पुण्यास वसतिगृहात असते. “फादर, ती आता काही लिहीत नाही,” आई म्हणाली आणि चहा ठेवावयास आत गेली. वही आम्ही आईच्या हाती दिली नाही. नाताळच्या सुटीत मुलगी येईल, तेव्हा तिलाच देऊ म्हणून परत आणली आहे.