डोके थांबते, मेंदू थांबत नाही

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की मुरूम परिसरात अंधार पडल्यावर उसाच्या ट्रॉल्या रस्त्याकडेला उभ्या दिसतात. मागे तांबडा दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. अशा ट्रॉलीवर ताशी ४० किलोमीटरने मोटारसायकल आदळली, तर तो मार दुमजली घराच्या गच्चीवरून पडण्याएवढा असतो. वेग ६० झाला, की ती उंची १४ मीटरवर जाते. वेग दीडपट, मार सव्वादोनपट! हे गणित शाळेत आपण सर्वांनी केलेले आहे.

गाडी थांबते, वरचा माणूस त्याच वेगाने पुढे जातो. डोके आपटून थांबते, पण कवटीतला मेंदू तरीही पुढे सरकतो, हाडावर आदळतो. कधी शिरा ताणून तुटतात. वरून जखम दिसतही नाही. माणूस उठून बसतो, चहा पितो, बोलतो, आणि आत रक्त साचत गेल्याने काही तासांनी गुंगीत जातो. तेव्हा वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटका, बोलण्यात घोटाळा, एक बाहुली मोठी, यातले एक जरी दिसले तरी सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय ताबडतोब गाठावे. ‘दमलाय, झोपू द्या’ म्हणून रात्र काढू नये.

‘‘डॉक्टरसाहेब, येणेगूरपर्यंत तर जायचंय, हेल्मेट कशाला?’’ हे नेहमीचे. अहो, कडब्याच्या गंजीवर पडणे आणि फरशीवर पडणे यात जो फरक, तोच हेल्मेटचा. आतला थर्मोकोलचा थर चेपतो, डोक्याला थांबायला दोन-तीन सेंटीमीटर मिळतात आणि आघाताचा जोर उतरतो. पट्टा बांधला नाही तर ते हिसक्यासरशी उडून जाते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सांगितले आहे. आमच्याकडे पुढच्याचेच आरशाला लटकलेले असते.

माझा खरा राग आहे तो लेकराला टाकीवर बसविण्यावर. ‘घट्ट धरलंय की’ म्हणतात. ४० च्या वेगातली गाडी हातभर अंतरात थांबली, तर १२ किलोच्या लेकराची ओढ दीड क्विंटलच्या वर जाते. एवढे पोते कोण एका हाताने धरील?

ट्रॉलीच्या पट्टीला खर्च तो किती? पट्टीशिवाय आलेली ट्रॉली कारखान्यांनी वजनकाट्यावर घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.