सायकल तपासण्याआधी रक्त तपासा

थंडी पडली की आपल्या वस्त्यांतली मुलं सायकली बाहेर काढतात. शिरूर-दौंडकडून कुणी १ जानेवारीला भीमा कोरेगावला निघतं, कुणी शंभर-दोनशे किलोमीटरच्या सायकल मोहिमेत नाव देतं. डांबरी रस्ता सोडून कालव्याच्या कडेनं, मुरमाच्या वाटेनं दिवसभर सायकल हाणायचं वेडही आता आलं आहे. वेड चांगलं आहे. पण तयारी काय केली म्हणून विचारलं तर उत्तर येतं: चेनला तेल टाकलं, टी-शर्ट छापले, मोबाईल चार्ज केला. शरीराचं नाव कुणी काढत नाही. आणि मुलींची तर यादीच होत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. मातीवरची लांब सायकल ही सायकलच्या दुकानात सुरू होत नाही. ती निघायच्या तीन महिने आधी सरकारी दवाखान्यातल्या रक्ततपासणीपासून आणि घरातल्या मुलीच्या ताटापासून सुरू होते. एवढं केलं तर साध्या सायकलवर आपली पोरं-पोरी लांब जातील आणि धडधाकट परत येतील. नाही केलं तर नुसत्या जोशावर जीव धोक्यात घालू.

आधी मातीची वाट का, ते बघू. नोव्हेंबर ते मार्च आपल्याकडं ऊस तोडणीचा हंगाम असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात. कित्येक ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो, चमकणारी पट्टी नसते. शिरूर-न्हावरा-चौफुला रस्ता असो की पुणे-सोलापूर महामार्ग, सायकलवाल्याला तिथं जागाच उरत नाही. त्या मानानं शिरूर तालुक्यात चासकमानच्या आणि घोडच्या कालव्याच्या कडेची वाट, दौंड तालुक्यात नव्या मुठा उजव्या कालव्याची वाट, गावागावांतले पाणंद रस्ते बरे पडतात. गाड्या कमी आणि सावलीही थोडीफार मिळते.

पण माती शरीराकडून जास्त वसूल करते. साध्या सायकलवर डांबरीवरून तासाला पंधरा किलोमीटर जाणारा मुलगा मुरमावर आठ-दहावर येतो. वाळूत चाक रुततं, काळ्या मातीत पाऊस झाला की मडगार्डमध्ये चिखलाचा गोळा बसतो, हादऱ्यानं मनगटं आणि कंबर धरते. म्हणून मातीचा हिशोब किलोमीटरवर करू नका, तासांवर करा. शंभर किलोमीटर म्हणजे दहा ते बारा तास शरीर राबणार, असं धरून चला.

हे आपलं काम नव्हे, महागड्या सायकलवाल्यांचं आहे, असं काहींना वाटतं. बायकांना तर हमखास वाटतं. पुण्याच्या प्रीती मस्के यांनी २०२२ च्या जूनमध्ये लेह ते मनाली हे ४३० किलोमीटर ५५ तास १३ मिनिटांत सायकलवर पार केले, तेव्हा त्या ४५ वर्षांच्या होत्या, दोन मुलांची आई. पुण्याचीच वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये विसाव्या वर्षी सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा करून आली, सुमारे २९ हजार किलोमीटर, १५९ दिवसांत. परदेशात ‘टूर डिव्हाइड’ नावाची मोहीम आहे. कॅनडातल्या बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत सुमारे ४,४०० किलोमीटर, बहुतेक वाट मातीची. तिथं मागं मदतीची गाडी नसते, पंक्चरपासून जेवणापर्यंत सगळं ज्याचं त्यानं बघायचं. आपल्याही पोरांच्या मागं गाडी नसते, डॉक्टर नसतो. म्हणून आपली तयारी जास्त नेटकी पाहिजे.

आता रक्ताकडं येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. हिमोग्लोबिन बाईचं १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. हिमोग्लोबिन फुफ्फुसातला प्राणवायू मांड्यांच्या स्नायूंपर्यंत नेतं. ते नऊवर असेल तर चढावर धाप लागते, छाती धडधडते, डोळ्यांपुढं अंधारी येते. पोरगी दमते आणि घरचे म्हणतात, "हिला जमत नाही." जमत नाही असं नसतं, रक्त कमी असतं. आठच्या खाली असेल तर सायकल बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडं जा.

गोळ्या आणि नीट जेवण असेल तर हिमोग्लोबिन साधारण महिन्याला एक-दोन अंकांनी चढतं. म्हणूनच मी तीन महिने म्हणते. जानेवारीत निघायचं तर सप्टेंबरअखेर रक्त तपासा. सोबत रक्तदाब आणि साखर पण बघून घ्या. वय चाळिशीच्या पुढं असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकाराचा झटका आला असेल, किंवा चालताना छातीत दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नाव देऊ नका.

दुसरी तपासणी सिकलसेलची. हा आजार आदिवासी समाजात आहे, तसाच विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजातही आहे. रांजणगावच्या एमआयडीसीत आणि दौंडच्या रेल्वेत कामासाठी आलेल्या कित्येक घरांचं मूळ तिकडचं आहे. ज्याला हा आजार पूर्ण आहे, त्यानं डॉक्टरांच्या परवानगीशिवाय अशा मोहिमेला जाऊ नये. आई-बापांपैकी एकाकडूनच तो आला असेल तर माणूस नुसता वाहक असतो. वाहकाला एरवी काही त्रास नसतो. पण कडक ऊन, अंगातलं पाणी आटलेलं आणि दमेपर्यंत कष्ट, हे तिन्ही एकत्र आलं तर क्वचित त्याचे स्नायू आतून तुटायला लागतात आणि जीवावर बेततं. वाहकानं सायकल चालवूच नये, असं माझं म्हणणं नाही. चालवावी, पण सावकाश, पाणी पीत, शर्यत न लावता. मांड्यांत भलत्याच कळा आल्या किंवा लघवी चहासारखी काळपट झाली तर तिथंच थांबून दवाखाना गाठावा. २०२३ च्या जुलैपासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे. प्राथमिक तपासणी बोटातून थेंबभर रक्त घेऊन होते. सरकारी दवाखान्यात विचारा.

आता ताटाचं. आपल्या घरांत आजही पोरगी शेवटी जेवते. बापाला आणि भावाला अंडं, तिला रश्शाचं पाणी. मग ती शाळेत सायकलनं जाते, घरी येऊन पाणी भरते आणि आपण म्हणतो, ती नाजूक आहे. मुलीला मोहिमेला पाठवायचं नसलं तरी हे बदला. हिरव्या पालेभाज्या, बाजरी, मटकी, हरभरा, सुकट-बोंबील, अंडी, गूळ-शेंगदाणे हे सगळं आपल्याच बाजारातलं आहे. सोबत लिंबू किंवा आवळा असला की अन्नातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा प्यायला की ते वाया जातं, म्हणून तासभर थांबा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलींनी फेकू नये. मळमळ होते म्हणून पुष्कळ जणी फेकतात. ती जेवणानंतर घ्या, त्रास कमी होतो.

मुलींबद्दल आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलते, कारण ती कुजबुजत बोलली जाते. सायकलनं मुलीचं काही ‘बिघडत’ नाही. योनीमुखाचा पडदा जन्मतःच प्रत्येकीचा वेगळा असतो आणि त्यावरून मुलीचं चारित्र्य कळत नाही. सायकलनं पुढं मूल होण्यात अडचण येत नाही. पाळीतही सायकल चालवता येते, फक्त पॅड किंवा कापड वेळेवर बदला. या भीतीपायी जी आई मुलीची सायकल बंद करते, ती मुलीचं रक्षण करत नाही. तिचे पाय बांधते.

सराव बारा आठवड्यांचा धरा. पहिले चार आठवडे आठवड्यातून तीन दिवस, तास-तास, आरामात. सोबतच्याशी बोलता येईल एवढाच वेग. धाप लागून बोलणं तुटलं तर वेग कमी करा. नंतर रविवारची फेरी लांब करत न्या, दर आठवड्याला साधारण दहा टक्के. दर चौथ्या आठवड्याला कमी करा, कारण शरीर विश्रांतीत घडतं. निम्मा सराव मातीवरच हवा. मोहिमेच्या पाऊण अंतरापर्यंत एकदा जाऊन या. शेवटचे दहा दिवस हलके ठेवा. आदल्या रात्री जागरण नको, दारू तर नकोच.

सायकल नवी नसली तरी चालते. शाळेतून मिळालेली मुलीची सायकलही चालते. टाच पॅडलवर ठेवून पॅडल खाली नेलं की पाय सरळ व्हावा, एवढं सीट उंच करा. गुडघेदुखीच्या निम्म्या तक्रारी तिथंच संपतात. ब्रेकचे रबर बदला. वेड्या बाभळीच्या काट्यांचा मुलूख आहे, तेव्हा एक जादा ट्यूब, पंक्चरच्या पट्ट्या आणि सोल्यूशन, पान्हा आणि हातपंप हवाच. हेल्मेट हवंच. मागं लाल दिवा हवा. सुती, शिवण न टोचणारी आतली चड्डी घाला आणि घासतं तिथं खोबरेल लावा.

वाटेत तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी, घोट-घोट. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर अंगातलं मीठ पातळ होऊन चक्कर, उलटी, झटकेही येतात. म्हणून ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात मिसळा. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, लहान चहाच्या चमच्यानं. तासाला एखादं केळं, गूळ-शेंगदाण्याचा लाडू किंवा चार खजूर. भूक लागायची वाट बघू नका. आणि दुखू नये म्हणून आधीच वेदनाशामक गोळी खाऊन निघायची पद्धत पडली आहे, ती बंद करा. अंगात पाणी कमी असताना डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला मार देतात.

वाटेवरचे धोकेही ओळखून असा. शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूतकडं २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुलांसह माणसं गेली. उसाच्या कडेनं अंधारात, एकट्यानं जाऊ नका. उजाडल्यावर निघा आणि दिवस मावळायच्या आत वस्तीला पोचा. कालव्याला आवर्तन सुटलेलं असताना हातपाय धुवायला उतरू नका. काँक्रीटचा उतार शेवाळानं निसरडा असतो आणि आतला माणूस वर येत नाही. कुत्रं चावलं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. साप चावला तर बांधू नका, कापू नका. माणसाला न हलवता ठेवा, १०८ ला फोन करा, सरकारी रुग्णालय गाठा.

शेवटी मंडळांना सांगणं आहे. जयंतीला आपण एका रात्रीच्या डीजेवर किती पैसे उडवतो ते सगळ्यांना माहीत आहे. त्यातला थोडा भाग बाजूला काढा. वीस हेल्मेटं घ्या. प्रथमोपचाराची एक पेटी घ्या. आरोग्यसेविकेला आणि आशाताईंना बोलावून विहारात एक रविवार रक्ततपासणी ठेवा, हिमोग्लोबिन आणि सिकलसेल दोन्ही. यादी करताना जेवढी मुलांची नावं, तेवढीच मुलींची घ्या. महिला मंडळानं तिथं बसून बघावं, कुणाचं रक्त किती भरलं. ज्यांचं कमी भरलं, त्यांची नावं जाहीर वाचू नका. त्यांच्या घरी जा, ताटात काय पडतं ते विचारा आणि महिन्यानं पुन्हा तपासा.

समजा पुढच्या जानेवारीत आपल्या वस्तीतून दहाच सायकली निघाल्या, पण दहाही जणांचं रक्त तपासलेलं आहे आणि त्यात पाच मुली आहेत. माझ्या लेखी ती मोहीम शंभर झेंड्यांच्या रॅलीपेक्षा मोठी.